लेट म्हणजे समजा

फोन समीरचा होता. समीर म्हणजे कॉलेजात आमच्या बाकावरचा, आता गोव्यात नोकरीला आहे. "आजो गेलो गो," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवून दिला. मी प्रयोगशाळेत होते. गावोगावच्या विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासणं हे माझं काम. हातातली बाटली खाली ठेवली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, "आजो गेला." त्या हळहळल्या. "आजोबा का? वय झालं असेल ना आता..."

"एकोणतीस," मी म्हटलं.

आजो म्हणजे मालवणीत आजोबाच. त्याचं खरं नाव सुहास. तळेऱ्याचा. आम्ही कणकवलीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गेलो, तेव्हा तो त्याच वर्गात तिसऱ्यांदा बसला होता, म्हणून वर्गाने त्याला आजोबा केलं होतं. चिडवायला ठेवलेलं नाव त्याने असं काही अंगाला लावून घेतलं, की वर्षभरात आम्ही ते मानाने घ्यायला लागलो. यंदा भातकापणीला शेतात उतरला, ताप आला, दोन दिवस अंगावर काढला. लेप्टो निघाला, उंदरांमुळे शेतातल्या पाण्यातून होणारा तो ताप. आठवड्याभरात सगळं संपलं.

त्याच्याबद्दल लिहायचं तर आधी माझ्या आईच्या बोटांबद्दल लिहावं लागेल. आम्ही आचऱ्याचे. बाबा चिरेखाणीवर कामाला होते. मी दहावीत असताना त्यांची पाठ कायमची धरली आणि त्यांचं जग खाटेपासून अंगणापर्यंतचं झालं. आई काजूच्या कारखान्यात सोलायला जायची. टरफलातलं तेल कातडी जाळतं. बोटांना राख फासून बसलं तरी जाळतंच. वर्षानुवर्षं असं सोलून तिच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या. रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं, तेव्हा तिचा अंगठा काही केल्या उमटेना. दुकानदार म्हणाला, "वयनी, मशीन तुमका वळखणा नाय." आई म्हणाली, "मशीन माका वळखून काय करतला? तांदूळ दी आधी." मागे रांगेत हशा पिकला, पण त्या दिवशी तांदूळ मिळाले नाहीत. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत बारावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी गेले. आईने कारखान्यातल्या प्रत्येक बाईला सांगितलं, "माझा चेडू सायन्साक गेला." नातेवाइकांना सांगून झालं, मच्छी घेऊन येणारीला सांगून झालं. त्यामुळे परतीची वाट बंद होती.

आणि मला तर पहिल्या महिन्यातच परत यायचं होतं.

आचऱ्याहून सकाळची एसटी कणकवलीला पोचेपर्यंत गणिताचा तास सुरू होऊन दहा मिनिटं झालेली असायची. मी मागच्या दाराने आत शिरून शेवटच्या बाकावर बसायची. बारावीपर्यंत आमचे सर फळ्यावर इंग्रजीत लिहीत आणि तोंडाने सगळं मराठीत सांगत. इथले सर मोठे विद्वान, पण बोलणं सगळं इंग्रजीत आणि नजर फळ्यावर. मी बाकावर टेकले, की थोड्याच वेळात त्यांच्या तोंडून एक शब्द यायचा. "लेट..." पुढचं काही मला कळायचं नाही, पण हा एक शब्द स्वच्छ ऐकू यायचा. लेट. आमच्या एसटीच्या कंडक्टरपासून आईपर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेला शब्द. कधी कधी तर एका तासात चारचार वेळा. मी मान खाली घालून बसायची. डोकं फक्त एवढंच मोजत राहायचं, की आज मला किती वेळा लेट म्हणाले. गणित बाजूलाच राहिलं. पाचव्या आठवड्यात मी दाखला काढायचा अर्ज लिहिला.

अर्ज घेऊन मी ऑफिसच्या खिडकीबाहेर उभी होते. पुढे आजो, त्याचा परीक्षेचा फॉर्म घेऊन. मी रडत असणार, कारण त्याने वळून बघितलं आणि न विचारता माझ्या हातातला कागद घेतला.

"घरगुती अडचण," त्याने मोठ्याने वाचलं. "आवशीन सोडूक सांगल्यान?"

"नाय."

"बापाशीन?"

"नाय."

"मगे घरातली खयची अडचण? मांजराची?"

मी म्हटलं, "माका कायच कळणा नाय."

"कायच नाय असा नसता गो. मी तीनदा बसलंय, माका ठावक. पयल्यांदा खंय अडाकलंस तां सांग."

मी सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, आईलाही सांगितलं नव्हतं. "सर माका रोज लेट म्हणतत."

आजोने माझी वही मागितली, फळ्यावरून उतरवलेली पहिली ओळ काढली आणि तिच्यावर बोट ठेवलं. "अगो, तां तुका नाय, तां एक्साक म्हणतत. लेट म्हणजे समजा. लेट एक्स... समजा, एक्स." फळ्यावरचं एल-ई-टी मी रोज उतरवत होते आणि कानांनी उशिराचं लेट ऐकत होते. मग तो खाली मान घालून म्हणाला, "माकाय पयल्या वर्षाक तसाच वाटला होता." मग खिशातलं पेन काढून त्याने माझ्या अर्जातलं 'घरगुती अडचणीमुळे' खोडलं आणि वर लिहिलं, 'लेटमुळे'. "आता दी जा खिडकीत. ह्यां कारण चलता काय बघ."

मी हसले. रडतारडता हसले आणि अर्ज दिला नाही. एवढंच झालं त्या दिवशी. पण एवढंच झालं नसतं तर मी आज आईच्या शेजारी बसून काजू सोलत असते. त्या कामाला मी कमी लेखत नाही, त्या कामावर मी वाढले. पण मला गणित येत होतं, आणि ते मी एका शब्दापायी सोडून निघाले होते.

दुपारची बस सुटेपर्यंत एसटी स्टँडच्या सिमेंटच्या बाकावर आजो आम्हाला घेऊन बसायला लागला. आधी मी, मग समीर, मग करता करता सहाजण झालो. सगळे मागच्या बाकावरचे, सगळे लांबच्या बसचे. त्याचा नियम एकच. 'समजलं का?' असं कोणी कोणाला विचारायचं नाही. विचारलं, तर बस येईपर्यंत उभं राहायचं. "समजला काय म्हणून ईचारल्यार सगळे होय म्हणतत. मी दोन वर्षां होय म्हणत होतंय," तो म्हणायचा. विचारायचं ते एवढंच, खंय अडाकलंस? आणि उत्तर देताना ओळीवर बोट ठेवायचं. एकदा फंक्शनच्या पोटात फंक्शन असलेली गणितं कोणालाच जमेनात, तर तो समोरच्या दुकानातून न सोललेला नारळ घेऊन आला. "भायर सोडण, मगे करवंटी, मगे खोबरां. आधी सोडण काढ. तेव्हा आत हात लावू नको, आतला तसाच्या तसा ठेव. मगे करवंटी." कंट्रोलर खिडकीतून ओरडला, "रे, फलाटार नारळ सोलतास?" आजो म्हणाला, "डेरिव्हेटिव्ह काढतोंव, सायबा!" ती गणितं मला पुढे कधी चुकली नाहीत.

कॉलेजात आम्हाला 'नापासांचो क्लास' म्हणत. एक सर तर त्याला तोंडावर म्हणाले, "तू आधी स्वतः पास हो, मग लोकांना शिकव." बरोबरच वाटतं ऐकायला. मलाही तेव्हा वाटलं. पण एकदा आमच्यासाठी वर्गात पहिला येणारा मुलगा आला होता, चांगल्या मनाने आला होता. त्याने अर्ध्या तासात सगळं सांगितलं आणि विचारलं, "समजलं?" आम्ही सहाही जण हो म्हणालो. तो गेल्यावर आजोने प्रत्येकाला ओळीवर बोट ठेवायला लावलं. सहाजणांची बोटं सहा ओळींवर. त्या हुशार मुलाचा दोष नव्हता. तो त्या जागी कधी अडकलाच नव्हता, त्याला ती जागा दिसणार कशी? आजो प्रत्येक जागी अडकला होता, कुठे कुठे दोनदा.

आम्ही सहाही जण तीन वर्षांत बी.एस्सी. झालो. आजो आमच्यानंतर दोन वर्षांनी झाला, फिजिक्सने त्याला शेवटपर्यंत छळलं. मग तळेऱ्याच्या तिठ्यावर त्याने पंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान टाकलं. त्याच्या दिवसकार्याला गेले, तेव्हा अंगणातली माणसं बोलत होती, "शिकलो, पण काय झाला त्येचा? मोटारी भरल्यान." मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, काका, तुमच्या विहिरीवरची मोटार कोणी भरली? आणि ज्या पाण्याचा रिपोर्ट तुमच्या ग्रामपंचायतीत लागतो, त्याच्यावर सही कोणाची असते? माझी, त्यानेच शिकवलेल्या पोरीची. मयताच्या घरी असं बोलू नये, ठाऊक आहे. आजो बोलला असता.

त्याची आई आत बसली होती. जुन्या गोष्टी सांगत होती. "पयल्या वर्षाक कॉलेजाच्या मागच्याच घरात आत्येकडे रव्हायचो. घंटा ऐकान धावत जायचो. एक दिवस लेट नाय माझो झील..." मी तिचा हात धरून बसले होते आणि तो शब्द ऐकून मला एकदम कळलं. जो कधी उशिरा आलाच नाही, त्याला तो शब्द टोचणार कसा? ऑफिसच्या खिडकीशी आजो माझ्याशी खोटं बोलला होता. मी एकटीच वेडी ठरू नये म्हणून.

महिन्याभराने कॉलेजात शोकसभा झाली. भाषणं झाली आणि कोणीतरी सुचवलं, सुहासच्या नावाने दरवर्षी पहिल्या वर्षात पहिल्या येणाऱ्याला बक्षीस द्यावं. टाळ्या पडल्या. मी उभी राहिले.

"पहिल्या येणाऱ्याला नको. त्याला आजोची गरज कधीच नव्हती."

"मग काय नापासाला बक्षीस द्यायचं?" मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

"बक्षीस नको, काम द्या. ज्यांना केटी लागली, ज्यांचे विषय राहिले, त्यांनी नवीन मुलांना घेऊन बसायचं."

प्राचार्य म्हणाले, "अहो, पालक काय म्हणतील? नापास मुलं शिकवणार?"

मग मी सगळं सांगितलं. एसटी, मागचं दार, लेट, दाखल्याचा अर्ज. गणिताचे ते सर आता निवृत्त झालेत, पहिल्या रांगेत बसले होते. सभागृह हसत होतं, ते हसत नव्हते. जागेवरून उठून माझ्याकडे वळले. "पण मी तुला लेट कशाला म्हणेन गं? मी तर तुला कधी बघितलंसुद्धा नव्हतं."

"तेच सांगतेय, सर," मी म्हटलं. "त्याने बघितलं."

सर खाली बसले, मग पुन्हा उठले आणि प्राचार्यांना म्हणाले, "ती म्हणते तसं करा."

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या फलकावर सूचना लागली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मदत करण्यासाठी, ज्यांना पूर्वी केटी लागलेली आहे अशांनीच नावे द्यावीत. मी मुद्दाम रजा काढून बघायला गेले. खाली कोरा कागद टाचला होता, त्यावर अकरा नावं आली होती. आणि प्रत्येकाने आपल्या नावापुढे, स्वतःच्या अक्षरात, आपण नापास झालो तो विषय लिहिला होता.