एक: मी, दोन: आत्या, तीन: चहा

इंदूरला विद्यापीठात फ्रेंचमध्ये एम.ए. करताना मी निबंधाच्या पेपरात दोनदा नापास झाले. व्याकरणात नव्हे हं! व्याकरणात मी वाघीण होते. काळ, लिंगं, क्रियापदांचे हजार नखरे, सगळं तोंडपाठ. मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी चूक केली नसती. पण मोठा निबंध समोर आला की माझी दांडी गुल.

फ्रेंच लोकांची निबंध लिहायची एक ठरलेली रीत आहे. पहिल्या भागात एक बाजू मांडायची, अगदी जीव तोडून. दुसऱ्या भागात तिच्या बरोबर उलटी बाजू, तितकाच जीव तोडून. आणि तिसऱ्या भागात दोन्ही बाजूंच्या पलीकडचं काहीतरी म्हणायचं. मी पडले बुऱ्हाणपुरात शाळेच्या वक्तृत्व स्पर्धा गाजवलेली मुलगी. 'अध्यक्ष महोदय, गुरुजन वर्ग' म्हणून एकदा सुटले की विषयाचे गोडवे गात गात कप घेऊनच खाली उतरायचं, एवढंच मला ठाऊक. 'प्रवासाने माणूस शहाणा होतो का?' या निबंधात मी अडीच पानं प्रवासाची आरती ओवाळली आणि उलट्या बाजूला दोन ओळी दिल्या: 'काही लोकांना असे वाटत नाही. ते चुकतात.' मला वाटलं, काय ठणकावून सांगितलंय! आमच्या मॅडमनी खाली हिरव्या शाईत लिहिलं, 'तुमचा विरोधक दोन ओळींत मेला. पुढच्या वेळी त्याला थोडं जगू द्या.'

विरोधक आणायचा कुठून? दोष घराण्याचाच होता. बुऱ्हाणपुरच्या बुधवारा भागात आमचं कापडाचं दुकान, वर घर. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हा वडिलांचा मंत्र. एखादी बाई म्हणाली पिवळा रंग खुलतो, तर पिवळ्यासारखा रंग नाही. तिची नणंद म्हणाली पिवळा भडक दिसतो, तर भडकच आहे हो, मी कधीचा तेच म्हणतोय. दुकानातली ही सवय जिना चढून वर घरातही आली होती. आमच्याकडे जेवताना कुणी भाजी अळणी आहे म्हटलं तर बाकीचे चौघं माना डोलवायचे आणि कुणी खारट म्हटलं तरी तेच चौघं डोलवायचे.

तिसरी संधी शेवटची होती. पुद्दुचेरीच्या एका शाळेने फ्रेंच शिकवायची एक जागा माझ्या निकालापर्यंत धरून ठेवली होती. पास झाले तर जागा माझी. नापास झाले तर एम.ए. पण गेलं, जागा पण गेली, आणि मी आपली दुकानात बसून पिवळ्याची स्तुती करणार. ती जागा मला फार फार हवी होती.

परीक्षेआधी तीन आठवडे मी घरी आले. आल्या आल्या आईने वरण-बट्टीचा डबा हातात दिला आणि जवळच्या बहादरपुर गावी आत्याकडे पिटाळलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. गावातलं जुनं घर कधीच न सोडलेली, एकटी राहणारी, केळीची बाग स्वतः बघणारी, आणि सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तर 'कोन म्हने?' असं विचारणारी. सगळे तिला टरकून असत, पण लग्न जमवायचं असलं की तिच्यावाचून पान हलत नसे. आमच्यात पद्धतच पडून गेली होती. स्थळ पसंत पडलं की ते आत्यापुढे ठेवायचं. तिने अर्धा तास दोष काढल्यावर जे उरेल ते पक्कं.

डबा उघडून ती म्हणाली, "बट्टी कच्ची हाये." मग तीन खाल्ल्या. माझ्या मांडीवरच्या वहीकडे बोट करून म्हणाली, "काय लिहून राह्यली?"

मी विषय सांगितला.

"प्रवासानं मानूस शहाना होते?" ती फिसकन हसली. "मंग आपली केळी नेनारे ट्रकवाले सगळ्यात शहाने पाहिजे. दर आठ दिवसाले दिल्ली पाहून येते. माह्या दारात ट्रक उलटा लावता येत नई त्यायले!"

मी आ वासून बघत राहिले. माझा विरोधक! अख्खा, जिवंत, बट्टी खात समोर बसलेला!

"थांब आत्या, पेन काढू दे. पुन्हा बोल."

"मी काय रेडिओ हाये?"

दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी स्कूटी काढून बहादरपुरला भांडायला जायला लागले. आई डबा द्यायची, मी विषय न्यायचे. यंत्रं चांगली की वाईट, जुनं जपावं की मोडावं, मुलांना मारावं की नाही. आत्याची एकच अट होती, भांडण कच्चं नको. मी उगाच गुळमुळीत बोलले की ती उठून पाण्याची मोटर बघायला निघून जायची. म्हणून मीही कंबर कसली. एक दिवस मला शहाणपण सुचलं आणि मी सुरुवातीलाच तिची बाजू घेतली. पठ्ठीने क्षणाचाही विचार न करता माझी उचलली आणि मला चारी मुंड्या चीत केलं! मी बागेत अक्षरशः उड्या मारल्या. म्हणजे तिच्याकडे दोन्ही बाजू होत्या, फक्त समोरच्याने एक आधी उचलायची खोटी.

'गाव बरं की शहर' या विषयाला तर घड कापणारी माणसं कामं टाकून गोळा झाली. एक जण खांद्यावरचा घड खाली न ठेवता पूर्ण वेळ उभा होता. शेवटी तोच ओरडला, "आत्याबाई जीत गई!" ट्रक अर्धा रिकामा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि आम्ही दोघी घसा बसेपर्यंत भांडतोय. इतकी मजा मला आयुष्यात कधी आली नव्हती.

"आणि तिसरा भाग, आत्या?" मी विचारलं.

"तिसरं काय नसते. भांडन झालं का चहा."

म्हणून मी वहीत आराखडाच तसा लिहिला. एक: मी, दोन: आत्या, तीन: चहा. पण आठवडाभराने माझ्या लक्षात आलं की चहा उकळेपर्यंत ती भांड्याकडे बघत हळू आवाजात एखादं वाक्य बोलते आणि ते ना तिच्या बाजूचं असतं ना माझ्या. प्रवासावरच्या भांडणानंतर म्हणाली होती, "जानाऱ्याले गावं दिसते, राहनाऱ्याले मानसं दिसते. दोघायले अर्धं अर्धं." मी धावत जाऊन ते फ्रेंचमध्ये उतरवलं. सगळे काळ बरोबर आले.

परीक्षेत विषय आला, 'घर सोडल्याशिवाय माणूस स्वतःचा होतो का?' मी मोठ्याने हसले. पर्यवेक्षक येऊन माझ्या बाकाखाली वाकून बघून गेले. मग मात्र माझ्या ध्यानात आलं की एवढ्या विषयांवर आम्ही भांडलो, पण या एका विषयावर कधीच नाही. तो जवळ आला की आत्या मोटर बघायला जायची, आणि मी समजत होते की माझंच भांडण कच्चं पडतंय!

पहिला भाग मी पुद्दुचेरीचा विचार करत झरझर लिहिला. दुसरा आत्याला देऊन टाकला. बाईने अडीच पानं घेतली. घर न सोडता ती स्वतःची कशी झाली हे लिहिता लिहिता माझं मनगट दुखायला लागलं आणि ती जिंकतेय म्हणून तिचा रागही आला. तिसऱ्या भागाला चहा नव्हता. तो मला एकटीला लिहायचा होता. मी लिहिलं की घर सोडणारा भांडायला कुणाला तरी मनात बरोबर नेतो, म्हणून तो पुरता गेलेला नसतो.

निकाल दुकानातच मोबाइलवर दिसला. पास! आणि नुसती काठावर नाही, चांगली घसघशीत पास! मी गादीवर नाचले. वडील इतके भांबावले की समोरच्या बाईला म्हणाले, "नाही हो, हा रंग तुम्हाला शोभत नाही." मग त्यांनी स्वतः जाऊन दराब्याच्या मिठाईचा डबा आणला आणि तो घेऊन मी सुसाट बहादरपुरला गेले.

"आत्या, पास झाले!"

"वाईट झालं."

"चांगलं झालं!"

"तिथं बट्टी भेटत नई."

"मी करेन."

"कच्ची करशीन. समुद्राची हवा खारी राहते, केस गळते."

"गळू देत."

"तिथं तुह्याशी भांडनारं कोन हाये?"

ती उठली आणि तिने चहा ठेवला. मी नेहमीसारखी त्या वाक्याची वाट बघत उभी राहिले. पाण्याला उकळी आली, दूध पडलं, ती काहीच बोलेना.

"आत्या, जाऊ ना मी?"

ती भांड्याकडेच बघत होती. "हाव," ती म्हणाली.

डॉक्टरला, सोयऱ्यांना, सरपंचाला, माझ्या वडिलांना, कुणालाच तिने कधी हो म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आणि जन्मभर सगळ्यांना हो म्हणत आलेली मी रडत रडत म्हणाले, "नाही. मला नाही जायचं."

"आता उलटी बाजू नको मांडू," ती म्हणाली. तिने कप माझ्या हातात कोंबला. "चहा घे."

आम्ही दोघी ओट्यावर बसलो. मी नाक पुसलं, एक घोट घेतला.

"साखर कमी आहे," मी म्हटलं.

"जास्त हाये," आत्या म्हणाली.