आधी खाली कशी न्यायची ते दाखवा

"आधी खाली कशी न्यायची ते दाखवा." घरी बाळंतपण करायचं म्हणून कुणी बोलवायला गेलं की सिस्टर पहिलं हेच म्हणायच्या. पोटुशी बाई राहिली बाजूला, आधी जिना बघायच्या. माणसं चक्रावून जायची. तुम्हीही चक्रावला असता.

सिस्टर मूळच्या निफाडकडच्या. बाळंतपणं करण्यातच नोकरी संपली, मग नाशिकरोडला आमच्या मागच्या गल्लीत राहायला आल्या. माझं पहिलं बाळंतपण हॉस्पिटलात झालं होतं आणि तिथे कळांपेक्षा अंगावर ओरडणाऱ्या माणसांचीच मला धास्ती बसली. दुसऱ्या वेळी मी हटूनच बसले, मूल माझ्या घरातच होईल म्हणून. नवरा एकलहऱ्याला वीजकेंद्रात. त्याला धोका म्हटलं की घाम फुटतो. सिस्टर हो म्हणाल्या तरच, अशी त्याची अट.

सिस्टर आल्या. माझे रिपोर्ट पाहिले, जवळच्या डॉक्टरीणबाईंशी बोलून ठेवलं, कळा सुरू झाल्या की रिक्षा दारात उभी पाहिजे असं बजावलं. मग प्लास्टिकची खुर्ची मागवली, पर्स मांडीवर घेऊन तिच्यात बसल्या आणि नवऱ्याला नि दिराला म्हणाल्या, "उचला." तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि बाई काही हलक्या नव्हत्या. दीर लालबुंद झाला. समोरच्या काकू दारात येऊन विचारायला लागल्या, ही वरात कुणाची म्हणून. मी कठडा धरून इतकी हसले की सासूबाई रागावल्या.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडली. सिस्टरनी भिंतीला हात टेकला. त्यांचा चेहरा असा उतरला की आमचं हसू जागच्या जागी थांबलं.

"मनमाडला जिन्यात खाट वळली नाय," त्या हळूच म्हणाल्या. "सुनंदा नाव होतं. माझ्याशी बोलता बोलता गेली."

मग म्हणाल्या, खुर्ची तिरपी करा. तिरपी केल्यावर वळली, आणि त्यांनी होकार दिला.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी. सासूबाईंचा चहा चालू, सिस्टर माझी पाठ चोळताहेत. मी सुखात होते म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल. दुपारी त्यांनी बाळाचे ठोके ऐकले. पुन्हा ऐकले. "ठोके मंदावलेत. चला." मी त्यांचा हात धरून रडले, थोडं थांबा म्हणून विनवलं. त्यांनी खुर्ची मागवली.

वळणावर माझे डोळे मिटायला लागले. सिस्टर माझ्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी उतरत होत्या. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"सुनंदा, बोल माझ्याशी. सुनंदा, डोळे उघड."

माझं नाव सुनंदा नाही. नवऱ्यानं चमकून पाहिलं. पण त्या कुणाला हाक मारताहेत ते मला कळत होतं. मी ओ दिली.

मुलगी हॉस्पिटलात झाली, धडधाकट. सिस्टर तोवर बाहेर बाकावर बसून होत्या म्हणे. त्यानंतर त्यांनी एकही बाळंतपण घेतलं नाही. त्या हाकेबद्दल मी कधी विचारलं नाही, त्याही कधी बोलल्या नाहीत.

गेल्या वर्षी त्या गेल्या. अजूनही भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना त्या वळणावर कुणीतरी मला त्या नावानं हाक मारतं. कोण मारतं, सिस्टर की ती मनमाडची, मला ठाऊक नाही. भीती वाटते, खरंच वाटते. पण तशीच वर जाववत नाही. मी थांबते आणि ओ देते.