दाजींच्या स्टोअरमधले शूर

आमच्या दाजींइतका भित्रा माणूस शिरूर-दौंडच्या टापूत शोधून सापडायचा नाही, आणि शौर्यावर त्यांच्याइतकं बडबडणाराही दुसरा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कारेगावला राहायचे आणि शेजारच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. दिवसभर नट-बोल्टांच्या खोक्यांवर लेबलं लावून हौस फिटत नसे, म्हणून घरी येऊन माणसांना लावत, तीही इंग्रजीत. मी कासुर्डीजवळ हायवेवर ट्रकपुढून मोटरसायकल काढली, तर मी ‘रॅश’. तेच कुणाला वाचवायला केलं असतं, तर ‘ब्रेव्ह’. भीतीनं पाय लटपटत असताना केलं असतं, तर ‘करेजस’. साहेबाकडे तोंडावर पगारवाढ मागणारा ‘बोल्ड’, आणि रोज उशिरा येऊन वर ती मागणारा ‘ब्रेझन’. हे ज्ञान पाजळताना मांजर जवळून गेलं तरी स्वतः पाय वर घेऊन बसायचे. साहेबाचा फोन आला की आधी लुंगी सोडून पँट चढवायचे, मग रिसीव्हर उचलायचे. आणि त्यांचे थोरले भाऊ आप्पा आले की मग तर विचारूच नका. आप्पांसमोर दाजींनी उभ्या जन्मात कधी खुर्ची घेतली नाही. माझं डोकंच उठायचं.

मग भाचीनं कंपनीतल्या एका फिटरशी लग्न ठरवलं. मुलगा परजातीतला. आप्पा तणतणत आले. ही पोरगी तिथं दिलीस तर माझं दार तुला बंद, म्हणाले. बहीण रडत होती, भाची भिंतीला टेकून बापाकडे बघत होती. मी मनात म्हटलं, झालं, आता हा गृहस्थ मान डोलावणार आणि पोरीच्या आयुष्याचं वाटोळं होणार.

दाजींच्या हातातली कपबशी खुळखुळत होती. म्हणाले, “आप्पा, तुम्ही थोरले हाय. पण पोरगी तिथंच द्यायची.”

आप्पा चहा न घेता निघून गेले. दाजींनी मला परसात नेलं आणि हळूच विचारलं, “मगाशी बोललो ते काय म्हणायचं रं? बोल्ड का रॅश?”

मला पहिल्यांदाच त्यांची चेष्टा करवेना. “करेजस,” मी म्हटलं.

“न्हाई,” दाजी म्हणाले, “त्यो लई मोठा शब्द हाय.”

लग्नाला आप्पा आले नाहीत. पुढं दर दिवाळीला दाजी फराळाचा डबा घेऊन त्यांच्या बंद दाराशी जात, ओट्यावर तासभर बसत आणि डबा तिथंच ठेवून परत येत. ह्याला कुठलं लेबल लावायचं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही.