केना पाहायला आलेले पाहुणे

मी अकोल्याला वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होते. पाण्याचा ताण पडला की पानाच्या पेशीत काय घडतं, हा माझा विषय. मला पाहायला मोर्शीहून पाहुणे घरी आले, तेव्हा मी नेमकी प्रयोगाच्या मध्यात होते.

आईचा फोन आला. "पाहुणे येऊन बसले, अन् तू पानं पाहून राहिली?"

"आई, आता सोडलं तं सारं वाया जाईन."

पलीकडे कुजबुज झाली. मग आई हताशपणे म्हणाली, "तेच तिकडे येतो म्हणतात."

थोड्या वेळानं मुलगा आणि त्याची आई प्रयोगशाळेच्या दारात उभे. मोर्शीची त्यांची संत्र्याची बाग बाईच सांभाळत. बशीतलं पान त्यांनी लगेच ओळखलं. "हा तं केना! आमी उपटून फेकतो याले."

पानाची पातळ साल काचेवर ठेवून मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"अवं, हे तं उघडे ओठ हायेत!"

"रंध्रं आहेत ती. यातूनच पानातलं पाणी उडून जातं. ओठांत हिरवे ठिपके दिसतात? ती हरितलवकं."

मग मी पानाच्या सालीवर अ‍ॅब्सिसिक आम्लाचे थेंब सोडले. तहानलेलं झाड हे संप्रेरक स्वतःच बनवतं, आणि त्याची सुरुवात हरितलवकातल्या पिवळ्या-केशरी रंगद्रव्यापासून होते, असं मी सांगितलं.

"आमच्या संत्र्याच्या रंगाचं?"

"त्याच घराण्यातलं."

बाई खूश झाल्या. आम्ही व्हरांड्यात चहा घेतला, गप्पा मारल्या, आणि परत आलो तर बहुतेक रंध्रं मिटलेली.

"बाप्पा! बागेचं पाणी तोडून ताण देतो तवा पानाच्या आत असं चालते?"

"हो, त्यातली ही एक गोष्ट."

मुलगा पुढे येऊन म्हणाला, "मले बी पाहू द्या ना." तो डोळा लावून बसला तो उठेचना. शेवटी त्याची आईच वैतागली. "अरे, पोरीले पाहाले आलो आपण!" त्याचे कान लाल झाले. मला हसू आवरेना.

संध्याकाळी त्याचा फोन आला. पेशीतलं पाणी गेलं की नेमकं काय आकसतं, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. मी रिक्तिकेबद्दल सांगितलं, पेशीतल्या पाण्याच्या पिशवीबद्दल. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् तुमचं काय ठरलं?"

"आईले सांगून टाकलं मी," मी म्हटलं. "हो म्हणून."