दोघांची संमती

माझ्या नवऱ्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, आणि घटस्फोट मागायला निघालेल्या बाईची यापेक्षा मोठी पंचाईत नाही. दारू नाही, मारहाण नाही, बाहेरची भानगड नाही. भवानी पेठेत सुताचं दुकान, घरात विधवा आई, आणि मी. आमचं पटत नव्हतं असंही म्हणवत नाही, कारण त्यासाठी आधी बोलावं लागतं. ते मीठमिरचीपुरतं बोलायचे आणि मी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. शेवटी मी शिकवत होते त्या शाळेजवळ वेगळी खोली घेतली.

वकील म्हणाले, "पूर्वी आला असता तर एकानं दुसऱ्यावर आरोप ठेवावाच लागला असता. आता कायदा बदललाय. वर्षभर वेगळे राहा, मग दोघं मिळून अर्ज करा. नंतर सहा महिने थांबायचं आणि पुन्हा येऊन सांगायचं, की अजून तेच हवंय. मधे एकाचं जरी मन बदललं तरी सगळं तिथंच थांबलं."

नवऱ्यानं सगळं मान खाली घालून ऐकलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "तुला पायजे आसंल तर माझी ना न्हाय." मला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. भांडले असते तर बरं झालं असतं.

वर्ष सरलं, एप्रिलच्या रणरणत्या उन्हात अर्ज दिला. सासूला त्यांनी काय सांगितलं ठाऊक नाही. पण पुढच्याच आठवड्यात त्या शेंगाचटणी घेऊन माझ्या दारात हजर. मी त्यांना अत्ती म्हणायची. आमच्या दुधनीकडं सासूला अत्तीच म्हणतात. पिशवी खाली ठेवत म्हणाल्या, "कोर्टानं सा म्हैने दिल्यात म्हनं. लई शानी मानसं हायत की. तवर डोस्की थंड हुतात."

त्यांना वाटलं होतं, की कोर्टानं आम्हाला समेटासाठी मुदत दिली आहे. मी वकिलांना विचारलं तर ते हसून म्हणाले, "तसं त्यांचं फार चुकलेलं नाही. विचार बदलावा म्हणूनच ती मुदत असते." पण माझा विचार बदलणार नव्हता. हे अत्तींना तोंडावर सांगायला हवं होतं. वर्गात साठ पोरींना दरडावणाऱ्या माझी जीभ तिथं उचलली नाही.

नागपंचमीला तर त्या कासारालाच खोलीवर घेऊन आल्या. समोर बसून माझे दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी भरून घेतले, आणि घरमालकिणीला म्हणाल्या, "सून हाय माजी. शाळा जवळ पडती म्हनून हितं ऱ्हाती." मी मान डोलावली. त्या गेल्यावर बांगड्या काढायला बसले, तर एकही निघेना.

दिवाळीनंतर पुन्हा तारीख लागली. पुकारा झाला, आत गेले, तर मागच्या बाकावर अत्ती. ठेवणीतलं इरकल नेसलेल्या, कपाळावर विभूती. मी नवऱ्याकडं पाहिलं. ते हळूच म्हणाले, "ऐकंना. मला बी यायचं म्हनली."

न्यायाधीशांनी आधी नवऱ्याला विचारलं, "तुमची संमती अजून आहे? कुणाची जबरदस्ती नाही?" ते म्हणाले, "न्हाय. संमती हाय." साहेब माझ्याकडं वळले आणि तेच विचारलं. मी तोंड उघडणार एवढ्यात मागून आवाज आला.

"सायेब, मला बी इचारा की."

पट्टेवाला धावला. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "आजी, कायद्यात दोघांचीच संमती लागते."

"घरात आमी तिघं हुतो की, सायेब."

वकील कागद चाळत राहिले. नवऱ्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ पाहिलं, आणि मला कळलं की मी आत्ता 'संमती नाही' म्हणाले तर हा माणूस कुरकुर न करता मला घरी घेऊन जाईल. जन्मभर मीठमिरचीपुरतं बोलेल. आणि अत्ती आनंदानं रडतील.

मी "हो" म्हणाले. साहेबांना ऐकू गेलं नाही. "जरा मोठ्यानं," ते म्हणाले.

दुसऱ्यांदा मी शाळेतल्यासारखं खणखणीत म्हणाले. ते मात्र मागच्या बाकापर्यंत नीट ऐकू गेलं.