पाण्यामागे उतरलो तेव्हा

आमच्या गावात, निरवांगीत, उभं राहून चहूकडे पाहिलं तर ऊस आणि त्यावर आभाळ. चढ म्हणजे काय तो कालव्याचा भराव. अशा सपाटीवर वाढलेल्या बाईने सॅक पाठीला लावून सह्याद्रीत हिंडावं, हा उद्योग मी चाळिशीत मैत्रिणींच्या नादाने सुरू केला. बारामतीच्या एका ग्रुपबरोबर सात-आठ ट्रेक केले, दर वेळी रांगेच्या शेपटाला राहून. गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते.

मग तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हट्ट धरला. ते कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं, किती तास द्यायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. पार अंथुर्णे गावापर्यंतच्या चाऱ्या, म्हणजे कालव्यातून रानात पाणी नेणारे पाट, त्यांना तोंडपाठ. "जलमभर पानी वाटलं, पर ते येतं कुठनं ते बघितलं न्हाय," एवढंच म्हणाले. वय अडुसष्ट, त्यात शुगर. मी दहा कारणं सांगितली, त्यांनी एकही ऐकलं नाही. शेवटी दिवाळी झाल्यावर आम्ही दोघंच भोरच्या मागच्या डोंगरात गेलो, आमच्या कालव्याचं पाणी तिकडूनच येतं. दोघंच जाणं हा शुद्ध मूर्खपणा होता आणि तो माझा होता.

चढ त्यांनी झकास काढला. पठारावरच्या ओढ्याचं पाणी ओंजळीत घेऊन बराच वेळ बघत राहिले. "हे आपलंच की गं," म्हणाले. मला बरं वाटलं. पाठ मात्र मोडून आली होती.

उतरताना पलीकडची वाट धरायची होती. ती कारवीच्या झुडपात हरवली. दीड तास आम्ही काट्यांतून त्याच त्या जागी फिरलो. फोनला रेंज नाही, भाकरी संपलेली, आणि शुगरच्या माणसाला दिवस मावळायच्या आत खालच्या गावात नेऊन जेवायला घालायचं होतं. माझ्या डोक्यात तेवढं एकच होतं.

तात्या शांत होते. "वढ्याच्या कडंनं चल. पानी जातंय तितं रान असतंय, आन रान तितं मानूस."

आमच्याकडे हे शंभर टक्के खरं आहे. कुठल्याही चारीच्या कडेने चालत सुटा, अर्ध्या तासात वस्ती, गोठा, चहा. पण आमच्या ग्रुपचा म्होरक्या दर वेळी बजावायचा की वाट चुकलात तर ओढ्यात उतरू नका. मला ते आठवत होतं. मी बोलले नाही. पाण्याच्या बाबतीत तात्यांना आमच्या घरात कुणी कधी आडवं बोललं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी इतकी दमले होते की कुणीतरी पुढे चालतंय, एवढंच मला पुरे होतं.

ओढा आधी गवतातून गेला, मग दगडांतून, मग माणसाएवढ्या धोंड्यांतून. आम्ही बसत, घसरत उतरलो. एका वळणानंतर पाणी पुढे गेलं आणि जमीन संपली. सरळ तुटलेला कडा. तळाशी गाव दिसत होतं, पत्रे, धूर, एक ट्रॅक्टरसुद्धा.

तात्यांनी लांबूनच वाकून पाणी कुठे पडतंय ते पाहिलं, आणि खाली बसले. मला राग आला, त्यांचा आणि त्याहून जास्त माझा. खिशातल्या लिमलेटच्या दोन गोळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या.

"उठा तात्या. परत वर जायचंय."

"व्हय."

"पाय चालतील ना?"

"न चालून सांगत्यात कुणाला."

पाऊण तासाची उतरण चढायला दोन तास लागले. दर दहा पावलांवर ते बसायचे. मी मागून त्यांच्या कमरेला हात लावून ढकलत होते आणि मनातल्या मनात रडत होते, की यांना काही झालं तर घरी काय तोंड दाखवू.

वर आलो तेव्हा उन्हं कलली होती. कारवीच्या कडेने दोन ढोरवाटा फुटलेल्या दिसल्या. तात्या नेहमीसारखे निघाले नाहीत. वाटेतून बाजूला झाले.

"तू हो म्होरं. मला हितलं काय कळत न्हाय."

असं काही त्यांच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. दोन वाटांतली कुठली खरी, हे मलाही कळत नव्हतं. मी खालच्या अंगाची धरली. ती गावात गेली, हे आमचं नशीब. पण तासभर ते माझ्या मागून येत राहिले, आणि हीच वाट कशावरून, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.