होडीतला तेलकट धूर

मद्रासजवळच्या आवडी गावच्या कारखान्यात रणगाड्यांच्या इंजिनांत ज्यांची उभी हयात गेली, त्या गुंडोरावांना एका शिडाच्या होडीच्या चिमुकल्या डिझेल इंजिनाने पार वेड लावलं. हो, लावलंच! निवृत्तीनंतर घरी बसून जीव गुदमरत होता, तेव्हा जुन्या ओळखीच्या प्रतापसिंहसाहेबांनी मद्रास बंदरातली आपली होडी देखभालीला त्यांच्या हवाली केली आणि माणूस पुन्हा माणसात आला. आता साहेब म्हणत होते, रविवारपर्यंत धूर थांबला नाही तर होडी विकायची.

धूर सायलेन्सरचा नव्हे. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ सोडणारी नळी केबिनमध्येच ओकायची. गाद्यांना वास, फळ्यांना चिकटा. गुंडोरावांनी नळी लांबवली, टोकाला काथ्या भरलेला डबा लावला, तर डबाच तेलाने भरला. पिस्टनच्या रिंगा झिजल्या म्हणावं, तर इंजिनाचा दाब ठणठणीत. मग ही भानगड काय? रोज ते डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, पुसून बघत आणि कमी पडलेलं तेल इमानेइतबारे वरच्या खुणेपर्यंत भरत. आवडीच्या कारखान्याची शिस्त ती! आणि दुसऱ्या दिवशी धूर आणखीच. घरी अंबुजाबाईंनी काय झालं विचारलं, तर त्या माउलीवरच खेकसले. आपल्याला आता इंजिन कळेनासं झालं, ही भीती बायकोला कशी सांगायची?

शनिवारी सकाळी त्यांनी साहेबांना फोन करून सांगून टाकलं, माझ्याच्याने होत नाही. मग होडी धक्क्याला लावायला इंजिन सुरू केलं. तेल कमी होतं, पण विकायच्या होडीला कशाला पाजा, म्हणून तसंच ठेवलं.

धूर आला नाही. नळीला हात लावला, हात कोरडा. अय्यो, हे काय आता? गुंडोराव चक्रावून खाली बसले. हातातला नट निसटला आणि इंजिनाच्या बुडाशी घरंगळत मागे गेला. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. होडी ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा मागे पाण्यात उतरतो, म्हणून होडीत इंजिन तिरकं बसवलेलं. डिपस्टिक पुढे, तेल सगळं मागे. पुढे कमी दिसतं म्हणून ते ओतत राहिले आणि मागे गरगर फिरणारा क्रँकचा दांडा त्या तेलाचा फेस करून नळीतून बाहेर फेकत राहिला. सरळ बसलेल्या रणगाड्याच्या इंजिनाने असलं काही कधी शिकवलंच नव्हतं.

रविवारी साहेब केबिनमध्ये आले. वास नाही बघून आधी खूश झाले, मग त्यांचा चेहरा उतरला. तुमचा फोन आला म्हणून कालच कोचीच्या माणसाला होडी विकायचा शब्द दिला, म्हणाले. जाता जाता इंजिन सुधारलंत, असं म्हणून त्यांनी गुंडोरावांच्या पाठीवर हात ठेवला. गुंडोराव गप्प राहिले असते तर झाकली मूठ राहिली असती. पण तो हात त्यांना सोसवेना.

"सुधारलं नाही साहेब. मीच तेल जास्त भरत होतो. कोचीवाल्याला सांगा, वरच्या खुणेपर्यंत भरू नका म्हणावं."

साहेबांचा हात पाठीवरून खाली आला. "म्हणजे होडीला काहीच झालं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

गुंडोरावांनी केबिनची किल्ली त्यांच्यापुढे धरली.